झोपेत चालणे, किंचाळून उठणे आणि माळवदावरची झोप

गोदाकाठ (परभणी जिल्हा)

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून दिवाळीपासून तो झोपेत उठून चालू लागला आहे. रात्री नऊच्या सुमारास झोपला की साडेदहा ते अकराच्या दरम्यान तो अंथरुणात उठून बसतो, डोळे सताड उघडे असतात, मग ओसरीत येऊन पुढच्या दाराची कडी चाचपतो. एकदा त्याने कडी काढली आणि अनवाणी गोठ्यापर्यंत जाऊन तो दावणीपाशी उभा राहिला. चुलत्याला जाग आली म्हणून त्याला परत आणता आले. हाक मारली तर तो उत्तर देत नाही, किंवा ‘वही कुठंय’ असे काहीतरी तुटक बोलतो, आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. त्याच्या चार वर्षांच्या बहिणीचा प्रकार निराळा आहे. झोप लागून तासभर झाला की ती एकाएकी किंचाळते, घामाने भिजते, छाती धडधडत असते, मी उचलून घेतले तर मलाच ढकलून देते आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी शांत झोपी जाते.

सासूबाईंचे म्हणणे असे की अमावास्येला मुले तिन्हीसांजेच्या वेळी शिवेवरून आली, तेव्हापासूनचे हे लागीर आहे. वडीलधाऱ्यांनी शेजारच्या गावातील देवऋषीकडे न्यायचे जवळजवळ ठरवले आहे. माझे यजमान लहानपणी असेच झोपेत चालत असत, हे सासूबाईच सांगतात. पण त्या गोष्टीचा याच्याशी संबंध जोडायला त्या तयार नाहीत. माझी खरी काळजी पुढची आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे, चैत्र लागला की आमचे सगळे घर माळवदावर झोपते आणि माळवदाला कठडा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालरोग_नांदेड

ताई, तुम्ही वेळ नोंदवली आहे, हे फार चांगले केले. या विकारांत अर्धे निदान घड्याळ करते.

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण नव्वद मिनिटांची चक्रे एकामागून एक येतात आणि त्यांत हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे टप्पे असतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्शात सर्वांत जास्त असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात अशा या दुसऱ्या झोपेचा शोध शिकागो येथे युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी लावला व तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. झोपेत चालणारा माणूस स्वप्नातली गोष्ट प्रत्यक्षात करत असतो, अशी समजूत पूर्वीपासून होती. १९६८ साली रॉजर ब्रॉटन यांनी दाखवून दिले की झोपेत चालणे आणि रात्री भयाने किंचाळणे हे प्रकार स्वप्नांच्या झोपेतले नसून गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचे आहेत. मेंदूचा हालचाल घडवणारा भाग जागा होतो, पण विचार करणारा आणि आठवण साठवणारा भाग झोपेतच राहतो. त्यामुळे मूल कडी काढू शकते, पण आपण कडी का काढतो आहोत हे त्याला कळत नाही आणि सकाळी आठवतही नाही.

म्हणजेच तुमच्या दोन्ही मुलांचा विकार मुळात एकच असून त्याची रूपे दोन आहेत, असे वर्णनावरून दिसते. कन्येला जे होते त्याला निद्राभय म्हणतात. ते वाईट स्वप्नापेक्षा वेगळे असते. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडते, मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते आणि काय दिसले ते सांगते. निद्राभयात मूल जागेच झालेले नसते, म्हणून ते आईलाही ओळखत नाही. आईला मात्र आयुष्यभर विसरणार नाही असे दृश्य दिसते.

यजमानांच्या लहानपणाचा संबंध निश्चित आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आईवडिलांपैकी कोणीही झोपेत चालत नसेल तर सुमारे २२ टक्के मुले कधी ना कधी झोपेत चालली. एक पालक चालत असेल तर हे प्रमाण ४७ टक्के झाले आणि दोघेही चालत असतील तर ६१ टक्क्यांवर गेले. त्याच अभ्यासात झोपेत चालण्याचे प्रमाण दहाव्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास होते. बहुतेक मुलांचा हा प्रकार किशोरवयात आपोआप थांबतो.

आता काय करावे ते सांगतो. झटका आला असताना मुलाला हलवून, ओरडून किंवा तोंडावर पाणी मारून उठवू नये. उठवल्याने जीव जातो हे खरे नाही, परंतु मूल गोंधळते, घाबरते आणि हात चालवते. खांद्याला हलका स्पर्श करून, दोन शब्द हळू बोलून त्याला अंथरुणाकडे वळवावे. मुलगी किंचाळत असेल तेव्हा तिला घट्ट धरून ठेवू नका. ती पडणार नाही एवढे पाहून शेजारी बसा. सकाळी या गोष्टीची चर्चा मुलांसमोर करू नये, चेष्टा तर मुळीच करू नये. झोप अपुरी पडणे, ताप, लघवी तुंबून राहणे आणि घरातील ताण यांमुळे हे झटके वाढतात. मुलगा घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, त्याचे टॉन्सिल मोठे असतील किंवा झोपण्यापूर्वी त्याच्या पायांत हुरहूर होत असेल तर ते जरूर दाखवून घ्या. श्वासाचा अडथळा दूर झाल्यावर चालणेही थांबले, अशी मुले मी पाहिली आहेत. पायांच्या त्रासामागे अनेकदा शरीरातील लोहाची कमतरता असते.

झटका रोज ठरावीक वेळेस येत असेल तर त्याआधी पंधरा ते तीस मिनिटे मुलाला हळूच जागे करून पुन्हा झोपू द्यावे. दोन ते चार आठवडे हे नेमाने केले तर पुष्कळ मुलांचा क्रम मोडतो. औषधाची गरज फार थोड्या मुलांना पडते.

वावर_आखाडा (जालना जिल्हा)

डॉक्टर साहेबांनी कारणे सांगितली. मी माळवदाविषयी लिहितो, कारण ताईंची खरी विचारणा ती आहे आणि शहरातील माणसाला तिचे गांभीर्य चटकन कळणार नाही. आमच्या भागातील जुन्या धाब्याच्या घरांना माळवदाच्या कडेला वीतभर उंचीचा मातीचा काठ असतो, आणि तोही पावसाने झिजलेला असतो. चैत्र-वैशाखात खाली जीव उकडतो म्हणून लहानथोर सगळे वर पथाऱ्या टाकतात. माझा धाकटा भाऊ झोपेत चालत असे. वडिलांनी त्याला वर झोपवणे कायमचे बंद केले आणि तो व आजी अंगणात बाजेवर झोपू लागले. फाटकाच्या कडीला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ अडकवलेली असे. कडीला हात लागला की आजी जागी होई. या उपायाला पैसा लागला नाही.

रानात आखाड्यावर मुक्काम असेल तर मात्र अशा मुलाला नेऊच नये. आखाड्याला बहुधा दार नसते, विहिरीला कठडा नसतो आणि रात्रीची लाइट असली की घरातले सगळे मोटार चालू करण्यात व बारे धरण्यात गुंतलेले असतात. मुलाकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

काही घरांत मुलाचा पाय लुगड्याच्या पदराने बाजेला बांधतात. ते योग्य आहे का, हे डॉक्टर साहेबांनी सांगावे.

बालरोग_नांदेड

पाय बांधू नये. मूल तसेच उठून चालू लागले तर तोंडघशी पडते, आणि आग लागली किंवा साप निघाला तर त्याला पळता येत नाही. घुंगरमाळ उत्तम आहे. त्याखेरीज दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर दुसरी कडी लावावी, विळा-कोयता आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि झोपण्याच्या जागेतून पाण्याची घागर, पाटा, कंदील असे ठेचकाळण्यासारखे सामान हलवावे. घराला जिना असेल तर मुलाला खालच्या मजल्यावरच झोपवावे. माळवदाला कठडा बांधून होईपर्यंत, आणि खरे तर त्यानंतरही, या मुलाने वर झोपू नये. झोपेतले मूल कठड्यावर चढते.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

देवऋषीच्या मुद्द्यावर लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या मराठवाड्यात, विशेषतः सीमेकडच्या तालुक्यांत, भानामतीच्या नावाखाली किती बायकांची विटंबना झाली हे मी शिक्षकाच्या नोकरीत गावोगावी पाहिले आहे. झोपेत किंचाळणारी सून आणि झोपेत बडबडणारे पोर यांच्यावर संशयाची सुई सर्वांत आधी येते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला असून भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे हा त्याखाली गुन्हा आहे. ताईंच्या घरच्यांनी हे लक्षात घ्यावे.

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

गुरुजींविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो. प्रत्येक घरातील अंगारा म्हणजे छळ नव्हे. माझी आई मुलाच्या कपाळी अंगारा लावायची, मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची आणि त्याच्या उशाशी बसून राहायची; मुलगा शांत झोपायचा. सासूबाईंना ‘तुम्ही अडाणी आहात’ असे सुनावून सून मुलाला डॉक्टरकडे नेऊ पाहील, तर त्या घरात दोन तट पडतील आणि तो ताण मुलावरच येईल.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

अंगाऱ्याला माझा विरोध नाही. रात्रभर डफ वाजवून मुलाला बसवून ठेवण्याला आहे.

बालरोग_नांदेड

गुरुजींचा हा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्याही पक्का आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जागरण झाले की पुढच्या रात्री शरीर राहिलेली गाढ झोप भरून काढते. ती अधिक खोल होते आणि तिच्यातून अर्धवट जाग येण्याची शक्यताही वाढते. निदान करताना प्रयोगशाळेत झटका दिसावा म्हणून काही ठिकाणी रुग्णाला मुद्दाम आदल्या रात्री जागे ठेवतात. देवऋषीकडे रात्र काढलेले मूल घरी येऊन दुसऱ्या रात्री अधिक जोराने किंचाळते आणि घरचे म्हणतात, बाधा भारी आहे, आणखी एक वारी करावी लागेल. लग्नसराई, जागरण-गोंधळ, यात्रा यांनंतर माझ्याकडे अशी मुले येतात, त्याचेही कारण हेच आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे झटके काही आठवडे सलग येतात आणि मग आपोआप विरळ होतात. लोक ताईत बांधायला जातात ते झटके टिपेला पोहोचलेले असताना. त्यानंतर ते उतरणारच असतात, आणि श्रेय ताईताला मिळते. सासूबाईंना ‘तुमच्या मुलालाही हे होते आणि ते आपोआप थांबले’ एवढे त्यांच्याच अनुभवातून पटवून द्या. आजी उशाशी बसत असेल, मुलाला वेळेवर झोपवत असेल, तर कपाळावरच्या अंगाऱ्याने काही बिघडत नाही.

शिदोरी_हॉस्टेल (लातूर)

मी लातुरात नीटची तयारी करते. माझा त्रास थोडा वेगळा आहे. पहाटे अचानक जाग येते, खोली दिसते, शेजारच्या कॉटवरची मैत्रीण दिसते, पण हातपाय हलत नाहीत, आवाज निघत नाही आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे स्पष्ट वाटते. एकदा दाराशी काळी आकृतीही दिसली. आमच्या मजल्यावर आणखी काही मुलींना असे होते आणि त्यावरून ती खोलीच बदनाम झाली आहे.

मेंदूविकार_निवासी (छत्रपती संभाजीनगर)

याला निद्रापक्षाघात म्हणतात, आणि तो गाढ झोपेचा नव्हे तर स्वप्नांच्या झोपेचा प्रकार आहे, म्हणूनच तो पहाटे होतो. स्वप्न पाहताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू श्वासाचे व डोळ्यांचे स्नायू सोडून जवळजवळ सर्व शरीर सैल पाडून ठेवतो. कधीकधी भान आधी येते आणि स्नायू मागून जागे होतात. मधल्या काळात स्वप्नाचे तुकडे उघड्या डोळ्यांसमोर मिसळतात. छातीवरचा दाब आणि दाराशी उभी आकृती त्यातूनच येते. हे काही सेकंद किंवा एकदोन मिनिटे टिकते आणि श्वास थांबत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांना आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचे दिसले. विद्यार्थ्यांचे प्रमाण इतके अधिक का, हे लातूरच्या विद्यार्थिनीला मी सांगण्याची गरज नाही. रात्री दोनपर्यंत अभ्यास, पहाटे पुन्हा टेस्ट आणि दुपारी वेळी-अवेळी डुलकी हे वेळापत्रक सुधारा, उताणे झोपण्याऐवजी कुशीवर झोपा. झटका आला असता सगळे शरीर हलवण्याची धडपड न करता फक्त एक बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करा. दिवसा वर्गात अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील तरच लवकर तपासणी करून घ्यावी. खोली बदलण्याची आवश्यकता नाही.

तेरणाकाठ (औसा तालुका)

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरून आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी होतो. पुढे कित्येक वर्षे आमच्या गावातील माणसे पहाटे त्याच वेळेला दचकून उठत, बाहेर पळत, आणि पक्क्या घरात झोपायला नकार देत. हा याच विकारांचा प्रकार मानावा काय?

मेंदूविकार_निवासी (छत्रपती संभाजीनगर)

तो वेगळा मानावा. मोठ्या आघातानंतरची ही दुःस्वप्ने असतात, ती माणसाला आठवतात आणि त्यांत घडलेली घटनाच पुन्हा दिसते. त्यावर मानसोपचार आहे: जागेपणी तेच स्वप्न लिहून, त्याचा शेवट बदलून, त्या बदललेल्या स्वप्नाची मनात रोज उजळणी करायची. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

सिडकोची_लेक (छत्रपती संभाजीनगर)

माझे वडील सहासष्ट वर्षांचे आहेत. पहाटे झोपेत ते लाथा मारतात, शिव्या देतात. मागे त्यांनी आईचे मनगट पिरगाळले. जागे केले की लगेच भानावर येतात आणि सांगतात की पिसाळलेला गोऱ्हा अंगावर आला होता. स्वभावाने ते अत्यंत सौम्य आहेत. झोप शांत लागावी म्हणून नातेवाइकांनी औषधाच्या दुकानातून झोल्पिडेमच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?

मेंदूविकार_निवासी (छत्रपती संभाजीनगर)

गोळ्या देऊ नका. झोल्पिडेम घेतलेल्या काही माणसांनी झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, इतकेच नव्हे तर वाहन चालवणे असे प्रकार केले आहेत, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली या वर्गातील औषधांवर त्याबाबत सर्वांत कडक इशारा छापण्याची सक्ती केली.

वडिलांच्या वर्णनात तीन गोष्टी ठळक आहेत: वय, पहाटेची वेळ आणि जागे होताच स्वप्न सांगता येणे. नऊ वर्षांच्या मुलाच्या चालण्याच्या हे बरोबर उलट आहे. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडतात असे मी वर लिहिले. काही माणसांत ती यंत्रणाच निकामी होते आणि माणूस स्वप्नातली झुंज अंथरुणात खेळतो. फ्रान्समधील मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतील विशिष्ट भागाला इजा करून हे प्राण्यांत आधीच दाखवले होते. माणसांतील हा विकार अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली प्रथम सविस्तर नोंदवला. काही नैराश्यविरोधी औषधांमुळेही तो उद्भवतो, म्हणून सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

उतारवयात हा विकार दिसला तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे टाळू नये. कारण अशा रुग्णांपैकी बहुसंख्यांना पुढील वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच कुळातील आजार होतो, आणि वास कमी येणे, जुनी बद्धकोष्ठता, चालताना एक हात कमी हलणे ही लक्षणे आधीपासून शोधता येतात. हे वाचून घाबरू नका. मधला काळ कित्येकदा दहा वर्षांहून अधिक असतो, आणि झोपेतल्या हालचालींवर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम यांचा चांगला उपयोग होतो. तोवर आईंनी वेगळ्या बिछान्यावर झोपावे. वडिलांची गादी जमिनीवर घालावी आणि आसपास काचेची वस्तू, टोकदार कोपरा किंवा काठी ठेवू नये.

कयाधू (हिंगोली)

माझा पुतण्या सोळा वर्षांचा आहे. तोही झोपेत दचकून उठतो. पण एका रात्रीत चार-चारदा, आणि प्रत्येक वेळी डावा हात तसाच वर नेऊन, मान तशीच वळवून. अर्ध्या मिनिटात सगळे थांबते. इथले वाचून घरच्यांनी ‘वयाने जाईल’ असा निष्कर्ष काढला आहे.

मेंदूविकार_निवासी (छत्रपती संभाजीनगर)

काका, हा निष्कर्ष या मुलाला लागू करू नका. झोपेत चालणारे मूल प्रत्येक वेळी थोडे वेगळे वागते, झटका बहुधा रात्रीतून एकदाच येतो आणि बरीच मिनिटे चालू शकतो. एकाच रात्री अनेकदा, हुबेहूब त्याच हालचालीचे, एकदोन मिनिटांहून कमी काळाचे आणि रात्रीच्या कोणत्याही प्रहरी येणारे झटके दिसले तर मेंदूच्या पुढच्या भागातील अपस्माराची, म्हणजे फिट्सची, शंका घ्यावी लागते. दिवसा तो पूर्ण ठणठणीत असेल, तरीही.

दोनतीन झटक्यांचे मोबाइलवर चित्रण करा. दिवा लावून, पांघरूण बाजूला करून, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येतील असे घ्या आणि झटका पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. साधा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, निर्दोष आला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण या प्रकारात तो पुष्कळदा निर्दोष येतो. झोपेतला व्हिडिओ ईईजी करावा लागतो. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. तिथे बाह्यरुग्ण विभागात चित्रण दाखवून पुढे कुठे पाठवतात ते विचारा. निदान होईपर्यंत त्याला विहिरीत किंवा कालव्यावर पोहायला एकटे सोडू नका, दुचाकी देऊ नका आणि रात्री मोटार चालू करायला रानात पाठवू नका.